चित्रातल्या घुबडाचे डोळे

काही वर्षांपूर्वी एका खेडेगावातील शाळेत गेलो होतो. वऱ्हांड्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबड बसले होते आणि खाली चारपाच मुले दगड घेऊन उभी. ‘‘सर, ते आमच्याकडे रोखून बघतंय,’’ असे त्यांचे म्हणणे. त्याच मुलांच्या वर्गातील भिंतीवर चष्मा घातलेले, हातात पुस्तक धरलेले घुबड रंगवलेले होते, आणि ते मात्र सर्वांचे लाडके होते!

घुबड काढणे चित्रकाराला सोपे जाते. दोन मोठी वर्तुळे, त्यांत एकेक काळा ठिपका, मध्ये चोच, झाले घुबड. बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, घुबडाचे आपल्यासारखे समोर. म्हणून चष्मा त्यालाच शोभतो. ग्रीकांच्या अथेना या ज्ञानदेवतेचा हा पक्षी. त्यामुळे युरोपच्या बालसाहित्यात त्याच्याकडे विद्वानाचे काम आले. (मिल्न यांच्या १९२६ च्या ‘विनी द पू’मधील विद्वान घुबडाला स्वतःचे नावही धड लिहिता येत नाही, ते सोडा.) आपल्याकडे लक्ष्मीचे वाहन असूनही ‘घुबड’ ही शिवीच राहिली.

आता तो काळा ठिपका पाहा. डिस्नेच्या १९६३ च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’ या चित्रपटात मर्लिन जादूगाराचे आर्किमिडीज नावाचे घुबड आहे. त्याचे ठिपके डोळ्यांत इकडून तिकडे फिरतात. हलत्या चित्रांत भाव दाखवण्याचा हा हुकमी मार्ग. खऱ्या घुबडाला नेमके हेच जमत नाही.

आपला डोळा चेंडूसारखा गोल असून खोबणीत फिरतो. अंधारात पाहायचे तर भिंग मोठे हवे आणि मागचा पडदा त्यापासून पुरेसा लांब हवा. एवढा मोठा चेंडू घुबडाच्या लहानशा कवटीत मावत नाही. म्हणून चेंडूच्या बाजू छाटून टाकाव्यात तसा त्याचा डोळा नळीसारखा असतो, आणि भोवती हाडांच्या चकत्यांचे कडे. अशी नळी खोबणीत फिरणार कशी? बाजूचे पाहायला सगळे डोकेच वळवावे लागते. ते सुमारे २७० अंश वळते. आपल्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४. एवढा पीळ बसूनही मेंदूचे रक्त थांबत नाही. मानेच्या मणक्यांतील ज्या भोकांतून रोहिणी जाते, ती भोके रोहिणीच्या जवळजवळ दसपट रुंद असतात, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने २०१३ साली दाखवले. त्यात पुढाकार एका वैद्यकीय चित्रकाराचा होता, हे मला विशेष वाटते.

म्हणजे घुबड ‘रोखून’ बघते ते रागाने नव्हे. त्याला डोळा तिरका करताच येत नाही.

त्या दिवशी मुलांना जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या करायला सांगितल्या. त्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि मान न हलवता शेजाऱ्याच्या पाटीवरचे वाचायचे. कोणालाच जमले नाही. माना आपोआप वळल्या. आपल्या वर्गात हे जरूर करून पाहा, फक्त नळीच्या कडा डोळ्यांना टोचणार नाहीत एवढे बघा.

नंतर सर्वांनी नव्याने घुबड काढले. एका मुलीने पाठमोऱ्या अंगावर आपल्याकडे बघणारा चेहरा काढला होता. बाईंनी ‘चुकलं, खोड’ म्हणून रबर पुढे केले, तेव्हा मला मध्ये पडावे लागले.