थीमियान मरत नाही

मूकपटातली फसलेली मुलगी म्हटलं की आपल्याकडचे जाणकार ग्रिफिथच्या ‘वे डाउन ईस्ट’वर (१९२०) येऊन थांबतात. वाहत्या हिमखंडावर निपचित पडलेली लिलियन गिश, गार पाण्यात लोंबणारा हात, मागून धावत येणारा नायक. गिशने जे सोसलं त्याला माझा नमस्कार, पण तिला वाचवतो तो पुरुषच. त्या काळातल्या बाकीच्या बहुतेक नायिका जीव तरी देतात नाहीतर पश्चात्ताप तरी करतात. त्यांच्यात आज वेळ घालवत नाही. शांघायच्या ‘द गॉडेस’मधल्या (१९३४) रुआन लिंगयूवर मात्र कधीतरी स्वतंत्र लिहीन.

माझा जीव गुंतलाय तो पाब्स्टच्या ‘डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल’मध्ये. मार्गारेट ब्योमच्या १९०५ सालच्या कादंबरीवरचा १९२९चा हा जर्मन चित्रपट. थीमियान ही औषधविक्रेत्याची मुलगी. दुकानातला माइनर्ट तिला नासवतो. घरचे म्हणतात, त्याच्याशीच लग्न कर. ती नाही म्हणते. मग मूल दाईकडे आणि मुलगी सुधारगृहात.

त्याच वर्षीच्या, पाब्स्टच्याच ‘पँडोराज बॉक्स’पुढे ही ‘डायरी’ फिकी, असं काही मान्यवर वर्षानुवर्षं लिहीत आलेत. मला ते कधीच पटलं नाही. ‘पँडोरा’तली लुलू शेवटी सुऱ्याखाली जाते, म्हणजे वाट चुकलेल्या बाईचा जुनाच हिशेब. थीमियान मरत नाही, आणि १९२९ साली ही फार मोठी गोष्ट होती.

सुधारगृहातलं जेवण आठवा. बाई ठोका देते, सगळे चमचे एकदम सुपात जातात, एकदम तोंडाशी येतात. ठोका देणारी व्हालेस्का गेर्ट मुळात नर्तकी. त्या तालाची तिच्या चेहऱ्यावर चढत जाणारी धुंदी बघताना अंगावर काटा येतो. आणि थीमियान झालेली लुईझ ब्रुक्स? छाती बडवणं नाही, डोळे फिरवणं नाही. ती नुसती पाहते, आणि आपल्याला मान खाली घालावीशी वाटते.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीत, सोळा मिलिमीटरच्या प्रतीवर. मधलं एक रीळच गायब. संगीत नाही, नुसती प्रोजेक्टरची घरघर. सेन्सॉरने आधीच कापाकापी केलेली. तुकडे जोडून बरी प्रत व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. आज ती प्रत हाताशी आहे, तर पाहणारे कुठे आहेत? ब्रुक्सचा बॉबकट प्रत्येक मोबाइलवर फिरतो. थीमियान कोण, हे विचारलं की चेहरे कोरे. याचं मला मनापासून दुःख होतं.

शांतारामबापूंच्या ‘माणूस’मधली (१९३९) मैना मला नेहमी थीमियानची धाकटी बहीण वाटत आलीय. तुरुंगाच्या दारातही ती पोलीस शिपाई गणपतकडून सुटका मागत नाही. थीमियानही तशीच. वडिलांमागे दुकानाचे पैसे हातात येतात, आणि ज्या सावत्र आईने घराबाहेर काढलं तिचीच पोरं रस्त्यावर येताना दिसतात. ती सगळी रक्कम सावत्र बहिणीच्या चिमुकल्या हातात ठेवते.

पुढे एका सरदाराची पुतणी म्हणून ती त्याच सुधारगृहाच्या मंडळावर येते. समोर उभी केली जाते तिची जुनी मैत्रीण एरिका, ‘न सुधारणारी’ म्हणून. प्रतिष्ठित बायका टेबलाभोवती बसलेल्या. थीमियान खुर्चीतून उठते, एरिकाला जवळ घेते आणि तिला तिथून घेऊन निघते.