घरच्या चित्रफितींचे रंग

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं तीन वर्षांपूर्वींच्या एका मुंजीची चित्रफीत पाहण्याचा योग आला. पुतण्यानें ती हौसेनें संगणकावर 'जुन्या काळची' केली होती. सारें दृश्य तपकिरी, कडांस काळोख, मधूनमधून ओरखडे. मंडळींनीं कौतुक केलें. इतक्यांत मातोश्रींनीं विचारलें, "अरे, त्या दिवशीं तुझी आई कोणतें लुगडें नेसली होती रे? डाळिंबी कीं हिरवें?" वहिनी त्यानंतर वर्षाच्या आंतच निवर्तल्या. पुतण्या निरुत्तर झाला. जागा अडते म्हणून मूळ फीत त्यानें पुसून टाकली होती.

ज्यास फिल्टर म्हणतात तें वस्तुतः साधें अंकगणित होय. नेहमींच्या पूर्ण एचडी चित्रफितींत एकेका चित्राचे २०,७३,६०० बिंदू असतात आणि अशीं बहुधा पंचवीस चित्रें दर सेकंदास डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक बिंदूच्या ठायीं तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आंकडे असतात; ते सामान्यतः ० पासून २५५ पर्यंत. तांबड्याचा आंकडा वाढवून निळ्याचा कमी केला कीं सायंकाळची ऊब येते. उलट केलें कीं चांदणें पडल्याचा भास होतो.

तपकिरी छटा आणण्याची एक रूढ रीत अशी कीं, प्रथम तिन्ही आंकड्यांचा मिळून एकच करडा आंकडा काढावयाचा आणि मग त्यावर तपकिरी रंग चढवावयाचा. मिळवितांना हजारांत तांबड्यास २९९, हिरव्यास ५८७ व निळ्यास ११४ असा वांटा देतात. कारण मनुष्याच्या डोळ्यास हिरवा रंग सर्वांत उजळ भासतो. आतां डाळिंबी वस्त्राचे आंकडे २००, ३० व ४० धरले, तर उत्तर सुमारें ८२ येतें. गर्द हिरव्याचे ३०, ११० व ७८ धरले, तरीही उत्तर ८२ च! दोन लुगडीं एक झालीं. आणि त्या ८२ वरून मूळच्या रंगाकडे परत जाण्यास वाट नाहीं.

रंग पालटण्याची ही आवड मात्र नवी नव्हे. मूकपटांच्या काळीं प्रती रंगाच्या द्रावणांत बुडवीत. रात्रीस निळा, दिव्याच्या उजेडास पिवळसर, आगीस तांबडा असा संकेत असे. परंतु रंग चढे तो प्रदर्शनाच्या प्रतीवर. मूळ निगेटिव्ह तशीच राही. इ. स. २००० मधील कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटासाठीं छायालेखक रॉजर डीकिन्स यांस मिसिसिपींतील उन्हाळी हिरवाई नको होती. कथानकाच्या काळास, म्हणजे १९३० च्या दशकास, साजेसा रुक्ष पिवळेपणा हवा होता. म्हणून निगेटिव्हवरून चित्रपट संगणकांत उतरविला आणि सबंध चित्रपटाचे रंग पालटले. येथेंही संस्कार झाला तो उतरवून घेतलेल्या प्रतीवरच.

कसबी मंडळींचा हा नियम घरोघर पाळण्याजोगा आहे. फिल्टर लावावयाचा तो प्रतीस लावावा. मूळ फीत दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपावी. कित्येक साधनें आपण केलेले बदल वेगळे टिपून ठेवतात व ते मागेंही घेतां येतात. पण तयार फीत बाहेर काढली कीं रंग तींत कायमचे मुरतात. छटा देतांनाही माणसांच्या मुद्रेवर नजर ठेवावी. कातडीचा वर्ण विचित्र दिसूं लागला कीं मात्रा अधिक झाली असें समजावें.

सुदैवानें त्या मुंजीच्या मूळ फितीचा एक तुकडा नागपुरास मावशींच्या फोनवर निघाला. वहिनी डाळिंबीच नेसल्या होत्या. कांठ मात्र हिरवे होते. मातोश्रींनीं तो तुकडा दोनदां लावावयास सांगितला, आणि पुतण्यानें त्याच रात्रीं त्याच्या दोन प्रती करून ठेवल्या.