डावखुरा ट्रंपेटवाला

आमच्या घरात एक जुना विनोद आहे. कोणी न पटणारी गोष्ट रंगवून सांगू लागला, की आई म्हणायची, "हो हो, दादाचा डावखुरा ट्रंपेटवाला!" की सगळे हसायचे. दादा म्हणजे आईचे थोरले भाऊ, माझे मामा. तेही हसायचे, पण हसून झाल्यावर हळूच म्हणायचे, "हसा तुम्ही. मी डोळ्यांनी पाहिलेत. एक नाही, सगळेच्या सगळे डावखुरे होते."

मामा गेले १९८३ साली. त्यांचे म्हणणे खरे होते, हे कळायला मला त्यानंतर चाळीस वर्षे लागली.

मामांचे गाव पोलादपूरजवळ. सावित्रीच्या काठची भातशेती, मागे महाबळेश्वरचे डोंगर आणि हाताशी मुंबई-गोवा रस्ता. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, खालूबाजात सनई वाजवत. गावात कोणाकडेही लग्न असो, जत्रा असो, पालखी असो, खालूबाजा आमच्याच वस्तीने वाजवायचा. तो मान नव्हता, ते गावकीचे काम होते. मोबदला म्हणजे सुगीला मिळेल ते धान्य, आणि जेवण म्हणजे पंगत उठल्यावर उरेल ते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर आले. आजोबा त्या दिवशी तिथे होते. परत आले, सनई फडक्यात गुंडाळून आढ्याला बांधली, ती पुन्हा कधीच सोडली नाही. "वाजवणं वाईट नाही, पण सांगितलं म्हणून वाजवणं वाईट," एवढेच ते म्हणत.

अशा घरातला मुलगा १९४२ मध्ये पलटणीत भरती झाला आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट शिकला. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका भाऊ. १९४४ च्या सुमारास त्यांची तुकडी आसामच्या बाजूला होती. शेजारीच अमेरिकन सैन्याचा तळ होता. संध्याकाळी तिथे दोन बांबूंना पांढरा कपडा ताणून सिनेमा दाखवत. मुख्य चित्रपटाआधी तीन-तीन मिनिटांच्या लहान फिल्म असत. त्यांत ना गोष्ट, ना संवाद. फक्त एक गाणे आणि ते वाजवणारा बँड. आपले शिपाईही कडेला उभे राहून बघत. त्यांतल्या एका फिल्ममध्ये मामांनी काळ्या रंगाच्या माणसांचा एक बँड पाहिला. अंगावर इस्त्रीचे कोट, गळ्यात बो, पायांत चकाकणारे बूट. आणि कॅमेरा कोणा नटीवर नव्हता, तो वाजवणाऱ्यांच्या तोंडावर होता! गाल फुगलेले, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत "बघा, हे मी वाजवतोय" असा भाव.

"फक्त एक गंमत होती," मामा सांगत. "ट्रंपेटवाला कळा डाव्या हातानं दाबत होता. शेजारचा पण डाव्या. सगळे डावखुरे!"

इथे आम्ही हसायचो.

माझा नातू मुंबईत शिकतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो महाडला आला होता. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. त्याने मोबाइलवर जुन्या अमेरिकन संगीताच्या काही फिल्म दाखवल्या. "आजोबा, यांना साउंडी म्हणतात." पहिली फिल्म सुरू झाली आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पडद्यावरचा ट्रंपेटवाला डाव्या हाताने कळा दाबत होता.

त्या साउंडींची हकिगत मोठी मजेदार आहे. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९४० मध्ये कपाटाएवढे एक यंत्र बाजारात आणले. नाव पॅनोरॅम. इराण्याच्या हॉटेलात नाणे टाकले की रेकॉर्ड वाजवणारे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. हे तसेच, पण यात गाणे ऐकूही येई आणि दिसेही. दहा सेंटचे नाणे टाकायचे, की काचेच्या पडद्यावर तीन मिनिटांची फिल्म सुरू. एका रिळावर अशा आठ फिल्म असत आणि त्या ओळीनेच लागत. आवडीचे गाणे निवडायची सोय नव्हती. पाचवे हवे तर आधीच्या चारांचे पैसे भरा! उपाहारगृहे, दारूचे गुत्ते, बसस्थानके अशा ठिकाणी ही कपाटे उभी राहिली. युद्ध पेटल्यावर नवी यंत्रे बनवणे थांबले, पण फिल्म निघतच राहिल्या. १९४६ अखेर हा धंदा आटोपला, तोवर अठराशेहून अधिक साउंडी तयार झाल्या होत्या.

आता डाव्या हाताचे गुपित. कपाटात जागा अपुरी, म्हणून प्रोजेक्टरचा झोत आरशांवरून वळवून पडद्याच्या मागच्या बाजूला टाकलेला असे. आरशात चित्र उलटते, म्हणून फिल्मच मुळात उलटी छापत. यंत्रात ती सुलट दिसे. पण तीच फिल्म साध्या प्रोजेक्टरवर चढवली, तर अक्षरे उलटी आणि सगळे वादक डावखुरे! आसामच्या त्या तळावर बांबूंमधल्या कपड्यावर नेमके हेच झाले असणार. मामांनी जे पाहिले तेच सांगितले होते. त्या रात्री मी आईच्या फोटोसमोर उभा राहून म्हणालो, "आई, दादा खरं बोलत होता गं."

पण मामांनी त्या फिल्ममधून आणखी एक गोष्ट आणली होती, आणि ती डाव्या हातापेक्षा मोठी होती.

स्विंग संगीताचे ते दिवस. फॅट्स वॉलर, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, लुई आर्मस्ट्राँग, नॅट किंग कोल हे सगळे साउंडीत दिसतात. यांतले वॉलर १९४३ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. पियानोवरून भुवया उडवत प्रेक्षकांशी बोलणारा त्यांचा चेहरा आज आपल्याला दिसतो, तो बराचसा या तीन-तीन मिनिटांमुळे. त्याच काळात हॉलीवूडचे मोठे चित्रपट लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिकेचे गाणे कथेपासून असे सुटे ठेवत, की दक्षिणेकडच्या राज्यांत ते कापून टाकता यावे. १९४४ च्या 'जॅमिन द ब्लूज' या गाजलेल्या लघुपटात तर उलटा प्रकार घडला. काळ्या वादकांत बार्नी केसेल हा एकच गोरा गिटारवादक होता. काळे-गोरे एकत्र वाजवताना दिसू नयेत म्हणून त्याला सावलीत बसवले आणि जवळून दिसणारे त्याचे हात फळांच्या रसाने काळे केले. संगीत एकत्र चालत होते, पंगत मात्र चालत नव्हती! साउंडीही सगळ्या धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. काहींत काळ्या कलावंतांना विदूषकी कपडे चढवून हसे केलेले आहे. पण अनेक फिल्ममध्ये ती माणसे आपल्या रुबाबात उभी आहेत आणि थेट आपल्याकडे बघत आहेत.

आपल्याकडे त्या वर्षांत सरकारनेही लहान फिल्म काढल्या. १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि तिच्या फिल्म दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. पण त्या युद्धप्रचाराच्या होत्या. आपला बँड दिसणार कुठे?

१९४६ मध्ये मामा घरी आले ते एक जुने कॉर्नेट घेऊनच. महाडमधल्या लग्नाच्या बँडमध्ये शिरले, पुढे मास्तर झाले. आजोबांनी बोलणे टाकले. "मी सोडलं ते तू धरलंस," एवढे एकच वाक्य. मामांचे म्हणणे वेगळे होते. "बाबा, तुमचं वाजवणं गावकीचं होतं. माझं सुपारीचं आहे. पैसे आधी ठरतात, मग मी कॉर्नेट तोंडाला लावतो." त्यांनी वादकांना गणवेश शिवले, बूट पॉलिश करायला लावले. वरातीत गॅसबत्त्या नवरदेवाभोवती असत आणि वाजवणारे अंधारात. मामा एक बत्ती आपल्या पैशाने आणत आणि ती बँडच्या पुढे धरायला लावत. लोकांना तो त्यांचा चक्रमपणा वाटे.

१९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' आमच्याकडे तंबूतल्या सिनेमात आला, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. मामा मला खांद्यावर घेऊन गेले. एका गाण्यात पडद्यावर खराखुरा बँड आला आणि मामा उभेच राहिले. मागचे लोक ओरडू लागले, "ओ मास्तर, बसा खाली!" मामा मला म्हणत होते, "बघ पोरा, बघ! वाजवणारे दिसतायत!" तो बँड चिक चॉकलेट यांचा. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचे. मुंबईत त्यांना 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ पासून अमेरिकेतले कृष्णवर्णीय जाझ वादक येत होते. त्यांच्याकडून आणि रेकॉर्डवरून हे संगीत गोव्याच्या मुलांनी उचलले. पुण्यतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्याच मुलांना घेऊन ते हिंदी गाण्यात आणले. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. आमच्या महाडच्या वरातीत 'अलबेला'ची गाणी वाजत, तेव्हा अमेरिका, ताज आणि हळदोणे असा लांबचा प्रवास करून ती आलेली असत.

पण 'अलबेला' अपवाद. एरवी पडद्यावर नायक-नायिका ओठ हलवत आणि वाजवणारे स्टुडिओत राहत. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तरी १९७७ च्या गाण्यामुळे घराघरांत गेले. व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरूंना प्यारेलाल यांनी केलेला तो नमस्कार होता. पण गोन्साल्विस सरांचा चेहरा आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

१९५८ ची एक गोष्ट सांगतो. मी चौदा वर्षांचा, झांजा वाजवायला बँडबरोबर गेलो होतो. पोलादपूरच्या बाजूचे एक गाव, मोठ्या घरचे लग्न. वरात झाली, मांडवात पंगत बसली आणि बँडची पाने गोठ्यामागे मांडली गेली. मामांनी शांतपणे कॉर्नेट पेटीत ठेवले. घरमालकांना म्हणाले, "सुपारीत वाजवणं ठरलंय, गोठ्यात जेवणं ठरलेलं नाही. पंगतीत शेवटी बसवा, पण मांडवात बसवा. नाहीतर पाठवणीला बँड नाही." थोडी बाचाबाची झाली. मांडवात कोणी बसवले नाही, उरलेले पैसेही दिले नाहीत. आम्ही बाराजण उपाशीपोटी सहा मैल चालत घरी आलो.

ती बातमी आमच्या आधीच वस्तीत पोचली होती. आजोबा ओटीवर बसले होते. मामा पायऱ्या चढले, तशी बारा वर्षांनी आजोबांनी त्यांना आपणहून हाक मारली. "जेवलास?" मामा म्हणाले, "नाही." आजोबा आत वळून म्हणाले, "यांना सगळ्यांना वाढा." जेवणे झाल्यावर त्यांनी कॉर्नेटच्या पेटीकडे बोट केले. "वाजव." त्या रात्री मामांनी काय वाजवले ते मला आठवत नाही. एवढे आठवते, की आजीने ओटीवरचा कंदील उचलून मामांच्या तोंडासमोर धरला होता.

२२ जुलै २०२१ ला महाडात सावित्री-गांधारीचे पाणी शिरले. आमच्या घरात ते माळ्याच्या तीन पायऱ्या खाली थांबले. कॉर्नेट गाळातून सापडले, चेपलेले. मामांचा गणवेशातला एकुलता एक फोटो मात्र पाण्याने धुऊन कोरा झाला. सातासमुद्रापलीकडच्या बँडमधल्या, नावही माहीत नसलेल्या ट्रंपेटवाल्याचा १९४२ मधला घाम मला आज दिसतो. महाड-पोलादपूरच्या हजारभर वराती वाजवणाऱ्या माझ्या मामांचा चेहरा मला नातवाला दाखवता येत नाही.

गेल्या वैशाखात पोलादपूरला नात्यातले लग्न होते. डीजे होताच, पण मुलीच्या हट्टाखातर महाडहून बँडही आणला होता. विशी-बाविशीची पोरे, लाल गणवेश. व्हिडिओवाला नवरा-नवरीभोवती दिवे घेऊन फिरत होता. मी त्याला बाजूला बोलावले.

"जरा या मुलांचे चेहरे घे. सावकाश घे. तीन मिनिटं घे."

"काका, पण हे अल्बममध्ये कोण ठेवणार?"

"मी ठेवणार. पैसे वेगळे देतो."

त्याने दिवा वळवला. उजेड तोंडावर पडताच ट्रंपेटवाल्या पोराने टोपी सरळ केली, पाठ ताठ केली आणि तो कॅमेऱ्याकडे बघून वाजवू लागला. कळा तो उजव्या हाताने दाबत होता.