मेणवली : वाडा, घाट आणि एक डाळिंबी पट्टी

वाईच्या स्टँडवर रिक्षात बसले तेव्हा रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "नानांचा वाडा बघायचाय का पिक्चरचा घाट?" दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. वाड्याच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की घाटच लागतो. पण येणारा माणूस कशासाठी आलाय, हे या एका प्रश्नात कळतं. त्या शनिवारी सकाळपासून त्यांच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यातल्या चार 'स्वदेस'वाल्यांच्या होत्या. मी दोन्ही बघायचंय म्हटलं.

जानेवारीचा शेवट. वाईत कृष्णाबाईचा उत्सव सुरू होता, घाटावर मांडव पडला होता आणि ढोल्या गणपतीपुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं आणि देऊळ राहावं, म्हणून. कृष्णेच्या काठी बांधणारी माणसं नदीला ओळखून होती. वाईबद्दल बाकी सगळं वाचकांनी ऐकलेलं आहे: दक्षिण काशी, विराटनगरीची कथा, विश्वकोशाचं कार्यालय, हळद. ते सोडून पुढे जाऊ. मेणवली तिथून जेमतेम तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच पानं वाळलेली हळदीची वावरं, आणि समोर पांडवगड.

वाडा नाना फडणवीसांचा. पानिपतातून जिवानिशी परतलेला आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं पेशवाईचा कारभार वाहणारा हा माणूस १८०० साली पुण्यात गेला. मेणवली त्यांना इनाम मिळालेलं गाव. सहा चौक, भोवती तट, बुरूज, सागवानी खांब. भिंतींवरची चित्रं काही ठिकाणी अजून टवटवीत आहेत. काही ठिकाणी मात्र रंगाचे पोपडे निघून खालचा गिलावा दिसतो. नानांचे कागद याच वाड्यात सांभाळलेले होते. मेणवली दप्तर या नावाने अभ्यासकांना ते माहीत आहेत. एक मुत्सद्दी आपला राज्यभराचा पत्रव्यवहार नदीकाठच्या एका खेड्यात आणून ठेवतो, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. वाडा आजही वंशजांच्या मालकीचा आहे, तिकीट काढून बघता येतो. बघायला येणारे बहुतेक जण दहा मिनिटांत मागच्या दाराशी पोचतात.

आणि तिथे पोचल्यावर ते का थांबतात तेही कळतं. चंद्रकोरीसारखा वळलेला काळ्या दगडाचा घाट आहे. मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत. एका छोट्या बांधीव मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यातलीच ही एक. नाशिकची नारोशंकराची घंटाही याच लुटीतली मानतात. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा आकडा आहे आणि कडेवर बाळ घेतलेली मेरी आहे. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बाळाचा चेहरा हातांनी झिजून गुळगुळीत झालाय. गावातल्या एक आजी तिला नमस्कार करून पुढे गेल्या.

सिनेमावाल्यांना हा घाट का आवडतो, याचं उत्तर एका शूटिंगवर दिवे सांभाळलेल्या गावातल्याच गृहस्थांनी दिलं. एक तर कॅमेरा कुठेही लावा, मागे विजेचा खांब येत नाही, सिमेंटची टाकी येत नाही. दुसरं, सकाळचं ऊन पायऱ्यांवर तिरपं येतं आणि दगड तापेपर्यंत मऊ राहतं. तिसरं, पुणे नव्वद किलोमीटरच्या आत, मुंबईहून निघालेला सामानाचा ट्रक रात्रीतून येऊन पोचतो आणि युनिटला राहायला पसरणी घाट चढला की पाचगणी आहे. म्हणून १९९७ च्या 'मृत्युदंड'मधलं आणि २००३ च्या 'गंगाजल'मधलं बिहार हे वाई परिसरातलं आहे. २००४ च्या 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे हेच मेणवली. 'दबंग'मधलं उत्तर प्रदेशातलं गाव वाईत, आणि 'चेन्नई एक्सप्रेस'साठी दक्षिणेतलं गावही इकडेच उभं राहिलं. 'स्वदेस'ची नायिका गायत्री जोशी मूळची नागपूरची आणि तिचा तो एकमेव चित्रपट. मराठी मुलगी मराठी गावात उभी राहून हिंदी पट्ट्यातली मास्तरीण झाली. इथल्या पायऱ्यांनी इतक्या प्रांतांची सोंगं घेतली आहेत, पण पडद्यावर मेणवली म्हणून मेणवली मला कधी दिसलेली नाही. मला याचं वाईट वाटतं. गावातल्या लोकांना फारसं वाटत नाही असं दिसलं. "आपला घाट आपल्याला ओळखू येतो की," असं ते दिवेवाले म्हणाले.

त्यांनीच मला मावशींकडे नेलं. "शूटिंगचं विचारताय ना? मग शिलाईवाल्या मावशींकडे चला. त्यांची हिरॉइन घरी आलती."

मावशींचं घर घाटापासून चार घरं अलीकडे. ओसरीवर पायमशीन, मागे खिळ्यांना टांगलेले ब्लाउज, प्रत्येकाला खडूने खूण केलेली. मावशी साठीच्या पुढच्या. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. माझ्याशी बोलताना त्यांनी हातातली तुरपाई सोडली नाही, आणि बोलण्यात रंगल्या तरी टाका चुकला नाही.

"आवो, मी त्यांचा एकबी पिक्चर सोडला न्हाई," त्या म्हणाल्या. "वाईला लागला की बघायचाच. घरातली म्हणायची, हिला गोष्ट तरी कळती का? मला गोष्ट दुसऱ्यांदा बघताना कळायची. पयल्यांदा मी गळा बघायची."

म्हणजे ब्लाउजचा गळा. शिवणकाम त्यांना कुणी शिकवलं नाही. सासूची जुनी मशीन होती, उसवलेले कपडे होते आणि त्या नटीचे सिनेमे होते. अंधारात बसून त्या गळ्याची खोली, बाहीची लांबी, पाठीवरच्या नाडीची गाठ डोळ्यांत साठवायच्या. घरी येऊन वर्तमानपत्राच्या कागदावर कापायच्या. पहिला कागद नेहमी फसायचा. दुसरा जमायचा. मग गावातल्या नव्या नवऱ्या यायच्या आणि म्हणायच्या, मावशी, त्या पिक्चरातल्यासारखा शिवा. पंचक्रोशीतल्या दोन-तीन पिढ्यांच्या लग्नाच्या फोटोंत त्या नटीचे गळे आहेत. मावशींच्या मशीनच्या खणात तिचं वर्तमानपत्रातलं एक कात्रण होतं, बॉबिनच्या डबीखाली. तेलाने त्याच्या कडा पारदर्शक झाल्या होत्या.

आणि एक दिवस ती स्वतः मेणवलीत आली. पंचवीस-तीस वर्षं झाली या गोष्टीला. गावाला आठ दिवस आधी कळलं होतं, घाटावर रिफ्लेक्टर आले होते, निम्मं गाव मॉबमध्ये उभं राहायला गेलं होतं. मावशी गेल्या नाहीत. लगीनसराई होती, सहा ब्लाउज अंगावर होते. शिवाय त्यांना गर्दीत मागे उभं राहून बघायचं नव्हतं.

दुपारी एक पोरगं धावत आलं. शूटिंगवाल्यांचा ड्रेसवाला कापडं आणायला वाईला गेला होता, नटीच्या ब्लाउजची बाही लांब होत होती आणि दंडाला ढिली होती, ऊन उतरायच्या आत सीन व्हायला हवा होता. इथे मशीन कुणाकडे आहे?

"मला वाटलं बिलाउज पाठवतील. तर दारात गाडी थांबली आन् त्याच उतरल्या."

यानंतरचा भाग मावशींनी तुरपाई खाली ठेवून सांगितला.

नटी ओसरीवरून आतल्या खोलीत आली. बरोबर एक मुलगी होती, तिच्या हातात छत्री. मावशींनी टेप घेतला. दंड मोजायचा होता. हात थरथरत होता, टेप दोनदा सुटला. तिसऱ्यांदा नटीने स्वतः टेपचं एक टोक धरलं. मावशींनी आकडा बघितला आणि विसरल्या. पुन्हा मोजला. शेवटी खडूने स्वतःच्या तळहातावर लिहिला.

"वीस वर्सं शिवत हुते. दंड मोजायला विसरले."

बाही दोन बोटं आखूड करायची, दंडाला आत घ्यायचं. एवढंच काम. कापड डाळिंबी रंगाचं, साधं सुती. मावशींनी आतली जादा कापडाची माया कापली नाही, तशीच दाबून ठेवली. उद्या पुन्हा सैल करायची वेळ आली तर कुणाची अडचण व्हायला नको. फक्त बाहीच्या खालची दोन बोटांची पट्टी कापली. डाळिंबी दोरा संपला होता, जवळचा म्हणून लालसर तपकिरी घेतला, आणि तो दिसू नये म्हणून शेवटची तुरपाई मशीनवर न घालता हाताने घातली. नटी तोवर शाल पांघरून खाटेवर बसली होती. खोलीत फक्त सुई ओढल्याचा आवाज.

मग ती उठली आणि खिळ्यांना टांगलेले ब्लाउज बघू लागली. सहापैकी तिसरा नवरीचा होता, हिरवा. त्याचा गळा तिच्याच एका चित्रपटातला. मागे खोल, मध्ये पानाचा आकार, वर एकच बटण. तिने तो खिळ्यावरून काढला, उलटा धरला, पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. काय बोलणार? तुमचा चोरलाय म्हणू?"

नटीने ब्लाउज पुन्हा खिळ्याला लावला, नीट, दोन्ही खांदे सारखे करून. स्वतःचा घातला, दंडाला हात लावून बघितला आणि जाताना विचारलं, हे पान कापताना कापड तिरकं होत नाही का? मावशी म्हणाल्या, आधी कागद चिकटवते. ती म्हणाली, अच्छा. गाडी गेली. साऱ्या भेटीत बोलणं झालं ते एवढंच.

मी विचारलं, तुम्ही त्यांच्या इतक्या चाहत्या, हे सांगितलं नाहीत? मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. "सांगायला पायजे हुतं," म्हणाल्या. "पण कापडाचं इचारलं त्यांनी. कापडाचं उत्तर दिलं."

सिनेमा लागला तेव्हा मावशींनी तो तीनदा बघितला. घाटावरचा तो सीन आहे. पण पूर्ण सीनभर दोन्ही खांद्यांवरून पदर आहे. एकाच ठिकाणी, घागर उचलताना, उजवी बाही कोपराच्या वरपर्यंत दिसते. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि हात वर करून मला ते दाखवलं. घागर कशी उचलली, पदर किती सरकला, तुरपाईची कड नेमकी कुठे आली. टाका दिसत नाही, दोऱ्याचा रंगही कळत नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

नटीचं नाव त्यांनी मला सांगितलं. छापायला मात्र बंदी केली. "त्यांना आठवत आसंल, नसंल. उगी कुणीतरी जाऊन इचारायचं आन् त्या न्हाई म्हणायच्या. मग माझ्याकडं काय ऱ्हायलं?" चित्रपटाचं नावही म्हणूनच इथे नाही.

चहा झाल्यावर पुन्हा घाटावर गेले. एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. नवरीने पायघोळ झगा घातला होता आणि तो पायऱ्यांवर पसरायला दोन माणसं लागत होती. त्यांचा आनंद बघून बरं वाटलं. पण त्या झग्याच्या मागे, शेवटच्या पायरीला, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या अडकल्या होत्या आणि देवळाच्या दगडावर कुणीतरी खिळ्याने स्वतःचं आणि आपल्या मुलीचं नाव कोरलं होतं. वाड्यातही एका चित्राखाली अशीच कोरलेली बाणाची खूण दिसली. अडीचशे वर्षांचा रंग एकदा खरवडला की तो परत देता येत नाही. इथे येणारी युनिटं, इथे येणारे आपण, सगळेच या दगडाचा चेहरा वापरतो. एक कचऱ्याचं मोठं पिंप, घंटेजवळ दोन ओळींची माहिती आणि चित्रांसमोर एक साधी दोरी, एवढं तरी व्हायला हवं. गावाला ते एकट्याने झेपणार नाही. चित्रीकरणाच्या परवानगीतून जे पैसे येतात, त्यातला ठरावीक वाटा या भिंतींसाठी वेगळा काढा, अशी मागणी मी ज्या चौघांशी बोलले त्यातल्या तिघांनी केली. ती रास्त आहे.

परत निघताना मावशींनी हाक मारली. पट्टी बघायची राहिली होती.

बाहीची ती दोन बोटांची डाळिंबी पट्टी त्यांनी फेकली नव्हती, कात्रणासारखी जपूनही ठेवली नव्हती. त्या वर्षी नातवासाठी गोधडी शिवायला घेतली होती, तिच्यात लावून टाकली. गोधडी अंगणातल्या दोरीवर उन्हात होती. जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे, शाळेच्या गणवेशाचे तुकडे होते, आणि मधोमध नव्हे तर कडेला, पायांकडच्या बाजूला, एक अरुंद पट्टी. रंग उडून फिकट विटकरी झाला होता. तिच्याभोवतीचे टाके बाकीच्यांपेक्षा बारीक होते. नातू आता पुण्याला नोकरीला आहे. त्याला हे माहीत आहे का, विचारलं. "त्याला ऊब लागल्याशी काम," मावशी म्हणाल्या.

ऊन उतरत होतं. त्यांनी गोधडी दोरीवरून ओढली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. आम्ही समोरासमोर उभ्या राहून ती झटकली, दुमडली. मी पट्टीची बाजू वर येईल अशी घडी घालायला गेले, तर त्यांनी ती उलटी करून पट्टी आतल्या बाजूला घेतली.

"उन्हानं आणखी उडंल," म्हणाल्या, आणि घडी काखेत घेऊन आत गेल्या.