माळ घातली, पण मासोळीची आठवण येते

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपली, वह्या मिटल्या, आणि उठता उठता एक मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, माळ घालून दोन वर्षं झाले. पण शेजारी मासोळी भाजली का जीव तिकडंच जाते. पाप लागते का?" आम्ही हसलो नाही. खोलीतल्या अर्ध्या बायांनी माना हलवल्या होत्या.

आपला नागभीड तालुका तलावांचा. घोडाझरी जवळ, शिवाय गावोगावी जुने मालगुजारी तलाव. लहानपणापासून रोवणीच्या दिवसांत घरात मासोळी शिजलेली, उन्हाळ्यात सुकट भाजलेली. तो वास नाकात बसला आहे. माळ गळ्यात पडली म्हणून नाक काही बदलत नाही. यात पाप कुठून आलं?

शहरात हल्ली काहीजण 'व्हिगन' जेवतात. म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही नाही. आपल्याकडे हे नाव नाही, पण तशी ताटं आहेत. बाई माळकरी, घरी दुभतं जनावर नाही, दूध विकत घेणं परवडत नाही, चहा कोराच. झालं, ती व्हिगनच. आणि गडचिरोलीकडच्या माडिया लोकांत तर गाय दोहायची जुनी रीतच नव्हती, दूध वासराचं मानत. तेव्हा दुधाशिवाय जगणं हे काही नवीन खूळ नाही. फक्त ते करताना जीभ काहीतरी मागते, तेव्हा ती काय मागते हे ओळखता आलं पाहिजे.

बहुतेक वेळा ती मागते जेवण. आम्ही बायांना विचारलं, आठवण कधी येते? उत्तर एकच, दुपारी चार-पाचला. सकाळी काय जेवल्या? भात आणि पातळ वरण. भात लवकर जिरतो. पाण्यासारख्या वरणात डाळ किती, ते आपल्यालाच ठाऊक. मासोळीबरोबर प्रथिनं जायची ती बंद झाली आणि त्या जागी काही आलंच नाही. तिथं घट्ट डाळ, उकडलेले चणे, बरबटी, सोयाबीनच्या वड्या, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी यायला हवी. पोट भरलेलं असलं की वासाची ओढ पुष्कळ कमी होते.

दुसरी मागणी चवीची. मटणाच्या रश्श्यात आपल्याला जे आवडतं त्यात मोठा वाटा भाजलेल्या मसाल्याचा, तेलाचा आणि मिठाचा असतो. उरते ती एक खोल, तोंडात रेंगाळणारी चव. जपानमध्ये १९०८ साली इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती वेगळी काढली आणि तिला 'उमामी' म्हटलं. गंमत अशी, की ती त्यांना सापडली समुद्रातल्या शेवाळाच्या रश्श्यात, मांसात नव्हे. पिकलेल्या टमाट्यात ती असते, अळंबीतही असते. म्हणूनच पावसाळ्यात सात्या निघाल्या की माळकरी घरंसुद्धा खूश होतात. (सात्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या. अंदाजाने तोडू नका, विषारी अळंबीने माणूस दगावतो.)

सात्या रोज कुठे मिळणार? मग पातोडी करा. बेसनात तिखट, हळद, ओवा, सांबार घालून कढईत घोटायचं, तेल लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. रस्सा मात्र मटणाचाच समजून करायचा: कांदा अख्खा चुलीत भाजलेला, सुकं खोबरं भाजलेलं, लसूण, आलं, धणे, सगळं पाट्यावर. तेलात मसाला सुटेपर्यंत परतायचा, घाई करायची नाही. वड्या शेवटी सोडायच्या. आमच्या गटात हा रस्सा केला तेव्हा एका घरची पुरुषमंडळी वाटीत मटणाचा तुकडा शोधत होती.

आता तिसरी मागणी. तिच्यासाठीच आज आम्ही बोलायला बसलो. गटातली एक तरुण बाई, दोन लेकरांची आई. धान्य निवडता निवडता ती कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. आम्ही तिला "खादाड" म्हणून चिडवलं, याची आज लाज वाटते. पुढे कळलं, लपून मातीही खायची. आशाताईंनी उपकेंद्रात नेलं, तर हिमोग्लोबिन ८. बाईचं निदान १२ तरी हवं. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असं खावंसं वाटणं हे पुष्कळदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. तिथं मनाला आवर घालून उपयोग नाही, तपासणी लागते.

आपल्या भागात सिकलसेलही पुष्कळ आहे, म्हणून ती तपासणीही सोबत करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. जेवणात पालेभाजी, मुंगन्याचा पाला, तीळ, डाळी असू द्या, वरून लिंबू पिळा. लिंबाने अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तासभर थांबा. भाजी लोखंडी कढईत केली तर आणखी चांगलं.

आणि ज्या दूधही घेत नाहीत त्यांनी बी-१२ विसरू नये. हे जीवनसत्त्व डाळीत, पालेभाजीत भरवशाचं मिळत नाही, आंबिलीतही नाही. अंगातला साठा कधीकधी काही वर्षं पुरतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी असेल तर अजिबात टाळू नये, बाळाच्या मेंदूचा प्रश्न असतो. आमच्या मते गोळीने माळ बाटत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या महाराजांना विचारावं, पण विचारण्यात सहा महिने घालवू नयेत.

तांदूळ खाणाऱ्या त्या बाईचं औषध चालू आहे. तपासणी पुन्हा झाली, आकडा १० च्या वर आला. मावशींना मासोळीचा वास अजून आवडतोच. पुढच्या बैठकीला पातोडी त्याच करणार आहेत. बेसन गटाचं, मसाला त्यांच्या पाट्यावरचा.