एक कोन, एकोणीस हजार उत्तरं

जूनमध्ये वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट किंवा देवळीकडे कपाशीची लागवड चालू असलेल्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहून बघा. काळ्या मातीत आधी उभ्या काकऱ्या पडतात, मग आडव्या. दोन काकऱ्या एकमेकींना छेदतात ती फुली. बी टोबायचं ते नेमकं फुलीवर.

अंतर तीन बाय तीन फूट धरलं, तर एकरात फुल्या किती? एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. नऊने भागा: 4,840. प्रत्येक फुलीभोवती चार कोन, म्हणजे 19,360! हे सगळे कोन कळायला त्यातले मोजायचे किती?

फक्त एक.

समजा, एका फुलीचा एक कोन 80 अंशांचा निघाला. हा लघुकोन. त्याच्या शेजारचा कोन त्याच सरळ रेषेवर बसलेला. दोघांची बेरीज 180 व्हायलाच हवी, म्हणून तो 100 अंशांचा, विशालकोन. समोरासमोरचे विरुद्ध कोन सारखेच असतात. झाली एक फुली! आता पुढच्या फुलीचं काय? उभ्या काकऱ्या समांतर आहेत आणि आडवी काकर ही त्यांची छेदिका. ती प्रत्येक समांतर रेषेशी तोच कोन करते. पुस्तकातले संगत कोन ते हेच. युक्लिडनं सुमारे 2300 वर्षांपूर्वी सिद्ध केलेली ही गोष्ट पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या वावरात उमटते!

पण 80 अंश? काटकोन नको? धुरा तिरपा असला, तर फुली तिरपी पडते आणि तरीही तण काढायचा डवरा उभा-आडवा दोन्हीकडून चालतो. मला हे फार विलक्षण वाटतं: काटकोन हुकला तर निभावतं, समांतरपणा हुकला तर नाही. एकच काकर एका अंशानं कलली, तर 200 फुटांवर ती सुमारे साडेतीन फूट सरकते, म्हणजे थेट शेजारच्या काकरीला पार करून जाते. मग डवरा तणाबरोबर कपाशीही उपटणार.

मग दोन रेषा समांतर आहेत हे ओळखायचं कसं? त्या कधीच भेटत नाहीत म्हणे. पण ते बघायला अनंतापर्यंत कोण चालणार? शेतकऱ्याला गरजच नाही. काकऱ्या पाडायच्या अवजाराचे फण एकाच लाकडात ठरावीक अंतरावर पक्के बसवलेले. परतीच्या फेरीत कडेचा फण आधीच्या काकरीतून न्यायचा, की अंतर पुढे तेच राहतं. अंतर बदललं नाही, की रेषा समांतर. अनंताचा प्रश्न एका लाकडानं सोडवला!

ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. हातच्या उद्योगातून शिकवा, हा तिचा आग्रह. गुरुजी, बाई, आठवीच्या वर्गाला कोनमापक देऊन एकदा वावरात न्याच. पहिल्या फुलीचा एक कोन मुलांना मोजू द्या, आणि पन्नासाव्या फुलीचे चारही कोन मोजण्याआधी वहीत लिहून घ्या.