बेट बेस्ट, पण शेजाऱ्यांचं काय?

होम लोन मंजूर! व्याज शून्य, ईएमआय नाही, जामीनदार नको, मुदत तुमच्या मर्जीची. असा सावकार कुठे भेटतो, माहीत आहे का?

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ गेममध्ये! नाव टॉम नूक, धंदा बिल्डरचा, प्रजाती तानुकी. तानुकी म्हणजे जपानच्या रानात खरोखर राहणारा, रॅकूनसारखा दिसणारा श्वानकुळातला प्राणी. जपानी लोककथांत तो डोक्यावर पान ठेवून हवं ते रूप घेतो. आणि गेममध्ये तुम्ही टेबल-खुर्ची जमिनीवर टाकलीत की ती कशाच्या रूपात दिसते? पानाच्या!

नूकशेठचा हिशेब ऐकाच. तंबूतून घरात जायला ९८,००० बेल्स (हे गेममधलं चलन). मग एकेक खोली, वरचा मजला, शेवटी तळघर. नुसत्या तळघराचे २४,९८,००० बेल्स! सगळी कर्जं मिळून ५६,९६,०००. फेडायची कशी? मासे विका, फळं विका, शिंपले विका. घाई कुणालाच नाही.

या गेमची गंमत हीच. इथे कुणी हरत नाही, जिंकत नाही, ‘गेम ओव्हर’ होत नाही. एका ओसाड बेटावर जायचं, फुलं लावायची, घर सजवायचं आणि बोलक्या प्राण्यांशी गप्पा हाणायच्या. बस्स. निवांतपणाचा फुल टाइम जॉब!

टायमिंग बघा टायमिंग!

गेम बाजारात आला २० मार्च २०२० रोजी. दोनच दिवसांनी आपल्याकडे जनता कर्फ्यू, २५ तारखेपासून देशभर लॉकडाऊन. जगाने दारं लावून घेतली आणि गेमची कंपनी निन्टेंडोने बेटाचं दार उघडलं.

पण माहीत आहे का, हा मुहूर्त ठरवून काढलेला नव्हता? गेम यायचा होता २०१९मध्येच. तारीख पुढे ढकलली गेली, आणि निन्टेंडो ऑफ अमेरिकाचे तेव्हाचे प्रमुख डग बाउझर यांनी कर्मचाऱ्यांच्या वर्क-लाइफ बॅलन्सवर भर दिला. आरामाचा गेम बनवणाऱ्यांनाही आराम हवाच की!

आकडे मात्र अजिबात आरामात आले नाहीत. जपानमध्ये पहिल्या तीन दिवसांत सुमारे १८.८ लाख डबाबंद प्रती खपल्या. पहिल्या सहा आठवड्यांत जगभरात १ कोटी ३४ लाख. पुढे खप साडेचार कोटींच्या वर गेला. निन्टेंडोच्या ‘स्विच’ या मशीनवर याच्यापुढे एकच गडी: ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’.

घर सोडलं म्हणून घर सापडलं

‘ॲनिमल क्रॉसिंग’ मालिकेची कल्पना कुणाला सुचली, माहीत आहे का? कात्सुया एगुची यांना. १९८६मध्ये नोकरीसाठी चिबा सोडून क्योतोला आलेला तरुण. आई-वडील मागे, मित्र मागे, नवं शहर, नवी खोली. नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठलेल्या कुणालाही ही पोकळी समजावून सांगायला नको. ती भरून काढण्यासाठी एगुचींनी शेजाऱ्यांनी भरलेलं एक गाव रचलं. १४ एप्रिल २००१ रोजी मालिकेतला पहिला गेम ‘दोबुत्सु नो मोरी’ निन्टेंडो ६४ या मशीनवर आला, तोही फक्त जपानमध्ये.

एगुची घरी उशिरा पोचायचे, तोवर घरातल्यांचं खेळणं उरकलेलं असायचं. म्हणून गाव असं केलं की घरातले चौघं एकाच गावात, पण आपापल्या वेळी खेळतील. मुलीने दुपारी चिठ्ठी ठेवायची, बाबांनी रात्री वाचायची. केवढी गोड आयडिया! (ही आयडिया लक्षात ठेवा, पुढे तीच डोक्याला ताप होणार आहे.)

आणखी एक सॉलिड किस्सा. गेम इंग्रजीत नेताना अमेरिकेच्या टीमने त्यात इतकी नवी भर घातली की निन्टेंडोने ती आवृत्ती परत जपानी करून २००३मध्ये जपानमध्ये विकली. एक्स्पोर्टचा माल इम्पोर्ट!

‘न्यू होरायझन्स’ या सिक्वेलने कमाल कुठे केली?

पहिली कमाल: आख्खं बेट तुमच्या ताब्यात. आधीच्या गेममध्ये नदी वाहील तशी, डोंगर असेल तिथे. इथे के.के. स्लायडर या गवयाची मैफल झाली की हातात ॲप येतं आणि तुम्ही नदी वळवता, कडे उभारता, धबधबे पाडता. सोफा अंगणात? ठेवा. बाथटब समुद्रकिनारी? खुश्शाल! मुख्य मालिकेत फर्निचर घराबाहेर मांडायची मुभा पहिल्यांदाच मिळाली आणि लोकांनी बेटावर रामेन गल्ल्या, मंदिरं, बाजारपेठा उभ्या केल्या.

दुसरी: त्वचेचा रंग. मुख्य मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये गोरा-सावळा रंग निवडायची सोयच नव्हती, उन्हात उभं राहून ‘टॅन’ व्हायचं! इथे पहिल्या मिनिटालाच आपला रंग निवडता येतो. छोटी गोष्ट वाटते? सावळ्या मुलीला स्वतःसारखी दिसणारी बाहुली मिळणं छोटं नसतं.

तिसरी: गोलार्ध! उत्तर की दक्षिण, सुरुवातीलाच विचारतात. त्यामुळे सिडनीतल्या मराठी कुटुंबाच्या बेटावर डिसेंबरात कडक उन्हाळा, आणि उत्तर गोलार्ध निवडणाऱ्या नागपूरकराच्या बेटावर बर्फच बर्फ. नागपुरात बर्फ! घ्या!

चौथी, आणि माझी सर्वांत लाडकी: म्युझियम. क्युरेटर ब्लॅदर्स नावाचं घुबड, ज्याला किड्यांची प्रचंड भीती. आणि संग्रहात किडे किती? ८०! बिचारा प्रत्येक किड्याला किंचाळतो, तरी माहिती अगदी चोख देतो.

त्या ८०मध्ये आपला एक सह्याद्रीकर आहे, माहीत आहे का? ॲटलास पतंग! पंखांचा विस्तार वीतभराहून मोठा, पावसाळ्यात पश्चिम घाटात खरोखर दिसणारा. प्रौढ पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. सुरवंट असताना पोटभर चरून घ्यायचं, पुढचे मोजके दिवस त्या शिदोरीवर. गेममध्ये तो रात्री झाडाच्या खोडावर बसलेला सापडतो, किंमत ३,००० बेल्स.

आणि सीलाकँथ? डायनासोरांबरोबर संपला असा समज असलेला हा मासा १९३८मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ जिवंत सापडला. गेममध्ये तो पाऊस असला तरच गळाला लागतो. पाऊस पडला की खेळाडू छत्री नाही, गळ घेऊन पळतात.

आता चित्रदालन. रेड नावाचा कोल्हा तुम्हाला जगप्रसिद्ध कलाकृती विकतो, त्यांतल्या कित्येक नकली. ओळखायच्या कशा? डोळे उघडे ठेवून! थाळीफेक करणाऱ्या ग्रीक पुतळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं, तर फसलात. व्हीनस द मिलोच्या गळ्यात हार? फसलात. रोझेटा शिलालेख निळा? हाय रे हाय, परत फसलात! शाळेच्या पाठ्यपुस्तकात जे चित्र आपण एका सेकंदात उलटतो, ते इथे पोरं पाच-पाच मिनिटं निरखतात. कलाशिक्षणाचा याहून खमंग तास मी तरी पाहिलेला नाही.

खऱ्या म्युझियमनाही मोह झालाच. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने २०२०मध्ये खुल्या संग्रहातली चित्रं गेममध्ये नेण्याचं टूल काढलं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने ४ लाखांहून अधिक प्रतिमा अशाच मोकळ्या केल्या. व्हॅन गॉग दिवाणखान्यात, तेही फुकट!

सेलिब्रिटी, सलगम आणि सेव्हिंग्ज

दर रविवारी सकाळी डेझी मे नावाचं डुकराचं पिल्लू सलगम विकायला येतं. भाव ९० ते ११० बेल्स. मग आठवडाभर दुकानातला भाव दिवसातून दोनदा बदलतो, नशीब फळफळलं तर ६६०पर्यंत! पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर कुजले. दलाल स्ट्रीटचा थरार, फक्त भाजीच्या रूपात.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा फ्रोडो, म्हणजे अभिनेता एलायजा वूड, एप्रिल २०२०मध्ये एका अनोळखी चाहतीच्या बेटावर गेला. कशाला? सलगम विकायला! तिथे भाव चांगला होता.

‘रोग वन’च्या कथालेखनात सहभागी असलेल्या गॅरी व्हिटा यांनी गेममधल्या घराच्या तळघरात चक्क टॉक शो थाटला. बायडन-हॅरिस यांच्या प्रचाराच्या पाट्या बेटांवर लागल्या. व्हॅलेंटिनो या फॅशन ब्रँडचे कपडे आले. आणि हाँगकाँगच्या आंदोलकांनी गेममध्ये निषेधाचे फलक लावल्यावर चीनच्या ऑनलाइन दुकानांतून गेम गायब झाला. भाजीबाजार ते राजकारण, एकाच बेटावर!

बँकेची बातमी तर थेट आर्थिक पानांवर झळकली. एप्रिल २०२०च्या अपडेटमध्ये बेटावरच्या बँकेने ठेवींवरचं व्याज साधारण ०.५ टक्क्यावरून ०.०५ टक्क्यावर आणलं. महिन्याच्या व्याजाची कमाल मर्यादा ९९,९९९वरून ९,९९९ बेल्स. बदल्यात बँकेने ग्राहकांना काय पाठवलं असेल? बेल्सच्या थैलीचं चित्र असलेला गालिचा!

आता कडू घोट

विमानतळापासून सुरू करू. विमान कंपनी चालवतात डोडो, म्हणजे ज्यांना मुळात उडताच येत नव्हतं असे पक्षी. (मॉरिशस बेटावरचा हा रहिवासी १७व्या शतकातच नामशेष झाला.) नावं ऑर्व्हिल आणि विल्बर. राइट बंधू! इथवर झकास. पण बेटावर पाहुणा आला की त्याचं विमान उतरेपर्यंत सगळ्यांचा खेळ ठप्प. सात पाहुणे, सात वेळा ठप्प. आगमनाचा सोहळा पहिल्यांदा गोड, सातव्यांदा गोडाने दात किडतात.

हत्यारं? मोडतात. सोन्याची कुऱ्हाडही मोडते! मालिकेतल्या २०१२च्या ‘न्यू लीफ’मध्ये सोन्याची कुऱ्हाड अभंग होती. इथे ती सोन्याची, पण टिकायला मातीची.

माशांसाठी आमिष बनवायचंय? एक शिंपला खणा, एक आमिष बनवा. पुन्हा बटण, पुन्हा ॲनिमेशन, पुन्हा तेच. दहा हवीत तर दहा वेळा, जानेवारी २०२६पर्यंत तरी. निवांत असणं निराळं आणि ताटकळणं निराळं. आठवडा संपवून विसाव्यासाठी बसलेल्या माणसाची बोटं दुखवायचं काय कारण?

दुकानाचंही तसंच. ‘न्यू लीफ’मध्ये दुकान पाच टप्प्यांत वाढत बहुमजली व्हायचं. इथे एकदाच वाढतं आणि संपलं.

आणि आता तो कंसातला ताप. एका मशीनवर एकच बेट! एगुचींच्या काळात घर मोठं, मशीन एक, गाव सामायिक, हे शोभून दिसत होतं. पण इथे बेटाची सूत्रं पहिल्या खेळाडूच्या हाती. पूल कुठे, दुकान कुठे, ठरवणार तो. धाकट्या बहिणीला स्वतःचं बेट हवं असेल तर दुसरं मशीन घ्यावं लागतं. कुटुंबाला जोडायला निघालेल्या नियमाने भावंडांत भांडणं लावली.

सगळ्यांत मोठी उणीव मात्र शेजाऱ्यांची. बेटवासी प्राणी ४००हून अधिक, देखणे, रंगीबेरंगी, एकेकाचा थाट निराळा. पण स्वभाव किती प्रकारचे, माहीत आहे का? ८! एकाच स्वभावाचे दोन शेजारी घेतले की दोघांच्या तोंडी तीच वाक्यं. मालिकेच्या पहिल्या भागांत हे प्राणी फटकळ होते, रुसायचे, टोमणे मारायचे. ‘न्यू लीफ’मध्ये तर न सांगता गाव सोडून निघून जायचे आणि जिवाला लागायचं. आता ते तुमची परवानगी मागतात. ‘नको जाऊ’ म्हटलं की थांबतात. सोय झाली, पण सलगी आटली.

कारण उघड आहे. डोंगर तुमचा, नदी तुमची, कुणी राहायचं तेही तुमच्या हाती. सिक्वेलने खेळाडूला सगळा अधिकार दिला आणि तो दिला शेजाऱ्यांच्या वाट्यातून. सजावटीत या गेमला तोड नाही. पण एगुचींना क्योतोत हवी होती ती माणसं, आपल्या मर्जीने न हलणारी. बेट सजवून पूर्ण झाल्यावर अनेकांचा उत्साह का ओसरला, याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

तरीही खेळून बरं वाटतं हे खरं आहे का? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२०मध्ये हेच तपासलं. ३,०००हून अधिक खेळाडू, दोन गेम (त्यांतला एक हाच), आणि खेळाचे तास थेट कंपन्यांच्या नोंदीतून. निष्कर्ष: जास्त खेळणारे किंचित जास्त समाधानी. संबंध छोटा, पण सकारात्मक. आईला दाखवायला कात्रण ठेवा!

पिक्चर अभी बाकी है

नोव्हेंबर २०२१मध्ये २.० अपडेट आलं: कॉफी शॉप, स्वयंपाक, बोटीची सैर. हेच शेवटचं मोठं मोफत अपडेट, असं निन्टेंडोने जाहीर केलं होतं. सगळ्यांनी निरोपही घेतला.

आणि ऑक्टोबर २०२५मध्ये घोषणा: ३.० येतंय, १५ जानेवारी २०२६ला, तेही मोफत! धक्क्यावर हॉटेल, आणि एकदाचं एका दमात अनेक वस्तू बनवण्याची सोय. बोटं वाचली!

सोबत रेसेट्टीचीही चंगळ. हा कोण, माहीत आहे का? सेव्ह न करता गेम बंद केला की जमिनीतून डोकं वर काढून लांबलचक झापणारा, चिचुंदरीसारखा दिसणारा तापट मोल. न्यू होरायझन्समध्ये गेम आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे स्वारीची ती नोकरी गेली होती. ३.०मध्ये त्याला नवं काम मिळालं: बेटावरचा तुमचा पसारा आवरून देणं. ओरडा बंद, आवराआवर सुरू!